सरहद्द कुणाची, कुणापासून?

मराठी लग्नात मुख्य विधीच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन असते. वधूचे आईवडील वराचे पाय धुतात, त्याला नवे कपडे देतात, ओवाळतात. हल्ली हा विधी कार्यालयातल्या स्टेजवरच उरकला जातो आणि बऱ्याच घरांत त्याला सर्रास 'श्रीमंतपूजन' म्हणतात. जावई श्रीमंत असावा ही इच्छा त्यात नकळत मिसळली असावी! मूळ शब्द मात्र 'सीमांत' असाच आहे. पूर्वी वऱ्हाड बैलगाड्यांतून यायचे आणि गावाच्या शिवेवर थांबायचे. वधूपक्षाची मंडळी वाजतगाजत तिथवर सामोरी जायची. पाहुण्याने शीव ओलांडण्याआधी त्याचा मान करायचा आणि मग त्याला गावात घ्यायचे, अशी ती रीत.

शीव म्हणजे संस्कृतातली सीमाच, बोलण्यात झिजून झालेली. शिवेच्या आत पसरलेली गावाची जमीन ते शिवार. शिवेवर दगड पुरलेला असे, एखादा शेंदूर लावलेला देव असे. भाऊबंदकीतले निम्मे तंटे या दगडाच्या चार बोटे इकडे-तिकडे होण्यावरून पेटत, तो भाग निराळा. मुंबईतल्या शीव गावाचे नावही यातूनच आले असे मानतात. मुंबई बेटाची हद्द तिथे संपे आणि पुढे साष्टी लागे. इंग्रजांनी शीवचे सायन केले. पुढे शहर एवढे वाढले की सायन त्याच्या पोटात गेले. आज लोकलमधून रोज ते स्टेशन ओलांडणाऱ्यांपैकी कितीजणांना आपण एक जुनी शीव ओलांडतो आहोत याची जाणीव असेल?

पण शीव ही एक रेघ आहे. एक पाऊल अलीकडे आपले गाव, एक पाऊल पलीकडे दुसऱ्याचे. राज्ये मोठी झाली तसा या रेघेचा पट्टा झाला. शेकडो मैलांचा, डोंगरदऱ्यांचा, माणसांनी वसलेला एक आख्खा प्रदेश, आणि त्याचे नाव काय, तर 'सीमा' किंवा 'सरहद्द'. सरहद्द हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. सर म्हणजे डोके किंवा टोक, आणि हद्द ही मूळची अरबी. 'हद्द झाली', 'हद्दपार केले' असे आपण रोज म्हणतो, तीच ही हद्द. शब्द साधा आहे. मात्र जिथे माणसे राहतात, पेरतात, लग्ने लावतात, त्या मुलखालाच टोक म्हटले, की ते टोक कुणाचे आणि मधला भाग कुठला, हे आधीच ठरून गेलेले असते.

अटकेपारचा मुलूख

मराठी माणसाला सरहद्द म्हटले की आधी आठवते ती वायव्य सरहद्द. १७५८ साली रघुनाथरावांच्या स्वारीत मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या आणि 'अटकेपार झेंडे लावणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत कायमचा राहिला. अटकेच्या पलीकडचा हा मुलूख पुढे इंग्रजांच्या ताब्यात आला. १८९३ साली अफगाणिस्तानच्या अमिराबरोबर करार होऊन ड्युरँड रेषा आखली गेली. १९०१ साली लॉर्ड कर्झनने पंजाबातून पेशावर, कोहाट, बन्नू, डेरा इस्माइल खान आणि हजारा हे जिल्हे वेगळे काढले आणि नवा प्रांत केला. त्याला नाव दिले 'वायव्य सरहद्द प्रांत'.

या नावात ना एखादी नदी आहे, ना डोंगर, ना तिथे राहणारी माणसे. आहे ती फक्त एक दिशा, आणि तीही तेव्हाच्या राजधानीतून, म्हणजे कलकत्त्याहून पाहिलेली. पेशावरच्या किस्साखानी बाजारात बसलेल्या पठाणाला आपले शहर कशाच्याही वायव्येला आहे असे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. त्याच्या लेखी काबूल, समरकंद आणि लाहोर यांच्या वाटा जिथे मिळतात असे ते भर वस्तीचे ठिकाण होते. तरीही नाव रुळले. उर्दूत 'सूबा सरहद' झाले आणि पुढे लोक नुसतेच 'सरहद' म्हणू लागले.

मुंबईकरांना हे नाव आगगाडीमुळे तोंडपाठ झाले. १ सप्टेंबर १९२८ पासून मुंबई ते पेशावर अशी 'फ्रंटियर मेल' सुरू झाली. विलायतेहून आलेले साहेब आणि त्यांची टपाल घेऊन ती थेट सरहद्दीपर्यंत धावे. तिचा दरारा एवढा की १९३६ साली वाडिया मूव्हीटोनने 'मिस फ्रंटियर मेल' नावाचा बोलपट काढला आणि निडर नाडियाने त्यात धावत्या गाडीच्या टपावर मारामाऱ्या केल्या. फाळणीनंतर गाडीची धाव अमृतसरपर्यंतच उरली, पण नाव राहिले. जिला सरहद्दीपर्यंत जाताच येत नव्हते अशी ही सरहद्दीची गाडी जवळजवळ पन्नास वर्षे धावली. १९९६ साली तिचे नामकरण 'गोल्डन टेंपल मेल' असे झाले. जुन्या प्रवाशांच्या तोंडी मात्र पुढेही बराच काळ 'फ्रंटियर'च होते.

नाव म्हणजे नुसती पाटी असती तर एवढे बिघडले नसते. पण सरहद्द म्हटल्यामुळे तिथला कायदाही वेगळा झाला. ज्या १९०१ साली प्रांत झाला त्याच वर्षीचे 'फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन' टोळीवाल्यांच्या इलाख्यात लागू होते. एकाने गुन्हा केला तर त्याच्या सगळ्या जमातीला दंड, घरे पाडणे, नाकेबंदी असे त्यातले उपाय होते. या कायद्यात 'ना अपील, ना वकील, ना दलील', असे तिथले लोक म्हणत. इंग्रज गेले, पाकिस्तान झाले, तरी कायदा तसाच राहिला. टोळीवाल्यांचा इलाखा प्रांतात विलीन झाला तो थेट २०१८ साली, आणि तेव्हा कुठे हा कायदा हटला. एकशे सतरा वर्षे एका लोकसमूहावर हा वेगळा कायदा लादलेला होता. कारण एवढेच, की त्यांची घरे कुणाच्या तरी नकाशाच्या काठावर होती.

याच मुलखातून खान अब्दुल गफार खान आले. १९२९ साली त्यांनी 'खुदाई खिदमतगार' संघटना उभी केली आणि बंदूक हा दागिना मानणाऱ्या पठाणांना निःशस्त्र सत्याग्रहाला उभे केले. त्यांचे लोक त्यांना बादशाह खान म्हणत. उरलेल्या हिंदुस्थानने त्यांना 'सरहद्द गांधी' केले. प्रेमानेच केले, पण सरहद्द इथेही चिकटलीच. महाराष्ट्राशी त्यांचा जवळचा संबंध आला. १९३४ साली तुरुंगातून सुटल्यावर त्यांना स्वतःच्या प्रांतात पाऊल ठेवायची बंदी होती, म्हणून ते वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिले. म्हणजे सरहद्दीचा हा माणूस सरहद्दीतूनच हद्दपार झाला होता! त्या डिसेंबरात वर्ध्यातच त्यांना पुन्हा अटक झाली, मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल. १९४७ साली त्यांच्या प्रांतात सार्वमत झाले तेव्हा भारत की पाकिस्तान, एवढाच प्रश्न विचारला गेला. पठाणांचा स्वतःचा मुलूख हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, म्हणून खुदाई खिदमतगारांनी मतदानावर बहिष्कार घातला. पाकिस्तानातही बादशाह खानांच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात आणि नजरकैदेत गेली. १९८७ साली भारताने त्यांना भारतरत्न दिले. जानेवारी १९८८ मध्ये ते पेशावरात वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन ड्युरँड रेषेपलीकडे जलालाबादला झाले.

त्यांच्या अनुयायांची एक मागणी मात्र मागे राहिली होती. पंजाबी लोकांचा पंजाब, सिंधी लोकांचा सिंध, बलुचींचा बलुचिस्तान, मग पख्तुनांनाच दिशेचे नाव का? एप्रिल २०१० मध्ये पाकिस्तानच्या घटनेत अठरावी दुरुस्ती झाली आणि प्रांताचे नाव 'खैबर पख्तूनख्वा' झाले. एकशे नऊ वर्षांनी नावात एक खिंड आणि एक लोकसमूह आला. पण गोष्ट इथे संपत नाही. याच प्रांताच्या हजारा भागात हिंदको बोलणारे लोक राहतात. या नव्या नावात आपण कुठे आहोत, असे विचारत ते अबोटाबादला रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे दगावली. एका काठाला नाव मिळाले आणि त्या नावाच्या आत दुसरा काठ तयार झाला.

नेफा ते अरुणाचल

आपल्या देशाच्या दुसऱ्या टोकाला साधारण असेच घडले, फक्त जरा निराळ्या वळणाने. साठीच्या पुढच्या वाचकांच्या घरात १९६२ सालच्या थंडीत एक शब्द रेडिओवरून अचानक शिरला, 'नेफा'. चिनी फौजा नेफात घुसल्या, नेफातून अमुक ठाणे पडले, अशा बातम्या येत. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' म्हणून महाराष्ट्राची छाती फुगली. पण नेफा म्हणजे काय? ते कुठल्या गावाचे, डोंगराचे, जमातीचे नाव नव्हतेच. 'नॉर्थ ईस्ट फ्रंटियर एजन्सी' या सरकारी नावाची ती चार आद्याक्षरे होती. लाखो माणसांचा प्रदेश, आणि नाव एखाद्या खात्यासारखे.

खात्यासारखे म्हणणे फारसे चूकही नाही. १९५४ साली हे नाव आले तेव्हा नेफाचा कारभार होता परराष्ट्र खात्याकडे! आपल्याच देशातला प्रदेश, पण त्याची कागदपत्रे परदेशांशी व्यवहार करणाऱ्या कचेरीत. १९६५ साली तो गृहखात्याकडे आला. याच काळात नेफाच्या प्रशासनाला आदिवासींविषयी सल्ला देण्याचे काम व्हेरियर एल्विन करीत होते. १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात धर्मकार्यासाठी आलेले हे इंग्रज गृहस्थ पुढे गांधीजींच्या सहवासात आले, मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये राहिले आणि शेवटी भारताचे नागरिक झाले. डोंगरातल्या लोकांना घाईने आपल्यासारखे करायला जाऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. ते बऱ्याच जणांना तेव्हा पटले नाही आणि आजही वादाचे आहे. पण निदान तिथल्या माणसांना स्वतःचे काही म्हणणे असू शकते, एवढे त्यांनी कागदावर आणले.

कारण त्याआधी त्या माणसांची नावेसुद्धा दुसऱ्यांनी ठेवलेली होती. सियांग नदीच्या खोऱ्यातल्या लोकांना मैदानातले असमिया 'अबोर' म्हणत, म्हणजे कुणाला न जुमानणारे, दांडगे. इंग्रजांनी तेच नाव नकाशावर लिहिले आणि 'अबोर हिल्स' झाले. हे लोक स्वतःला 'आदी' म्हणतात. त्यांच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना बाहेरचे 'डफला' म्हणत, ते स्वतःला 'न्यीशी' म्हणतात. बोलण्यातून ही जुनी नावे हळूहळू गेली, पण सरकारी यादीतून जायला किती वर्षे लागावीत? अनुसूचित जमातींच्या यादीत 'डफला'च्या जागी 'न्यीशी' आले २००८ साली. 'अबोर' हा शब्द यादीतून निघाला तो २०२१ सालच्या दुरुस्तीने. जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलाच्या हातात तोवर त्याच्या पूर्वजांना दिलेली शिवीच सही-शिक्क्यानिशी पडत होती.

२० जानेवारी १९७२ रोजी नेफाचा केंद्रशासित प्रदेश झाला आणि नाव मिळाले अरुणाचल प्रदेश. २० फेब्रुवारी १९८७ रोजी ते राज्य झाले. उगवत्या सूर्याने रंगलेले डोंगर असा त्याचा अर्थ. सुंदर नाव आहे यात शंका नाही. मात्र तेही संस्कृत आहे, तिथल्या कुठल्याच बोलीतले नाही, आणि ते सुचवले होते प्रशासनाच्या संशोधन विभागाचे संचालक विभावसु दास शास्त्री यांनी. एवढे खरे, की अरुणाचलच्या लोकांनी ते मनापासून आपलेसे केले. डोंगराचे आणि पहाटेचे नाव आपले म्हणता येते. 'वायव्य' किंवा 'ईशान्य' आपले म्हणणे अवघड असते. तिथून जाणारी रेल्वे मात्र १९५८ पासून आजतागायत 'पूर्वोत्तर सीमा रेल्वे'च आहे.

सीमा या शब्दाबरोबर आलेला एक जुना कायदाही तिथे टिकून आहे, आणि त्याची गोष्ट पठाणांच्या कायद्याच्या उलटी आहे. १८७३ साली इंग्रजांनी 'बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन' केले आणि 'इनर लाइन' आखली. हत्ती, रबर आणि चहाच्या जमिनी यांच्या मागे लागलेल्या व्यापाऱ्यांनी डोंगरात शिरून भांडणे ओढवून घेऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब होता. आजही अरुणाचल, नागालँड किंवा मिझोरामला सहलीला जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या कुटुंबाला ते परमिट काढावे लागते. २०२० पासून मणिपूरलाही लागते. आपल्याच देशात परवाना कशाला, असे पर्यटकांना वाटते. तिथल्या लोकांना मात्र ही रेघ हवी आहे. बाहेरच्या पैशापुढे आणि संख्येपुढे आपली जमीन तिच्यामुळेच वाचली, अशी त्यांची धारणा आहे. साहेबाने स्वतःच्या सोयीसाठी घातलेले कुंपण त्यांनी आपल्या घराची शीव म्हणून ठेवून घेतले आहे.

असा प्रकार एकट्या हिंदुस्थानातच झाला असे नाही. चीनच्या पश्चिमेचा शिनजियांग हा प्रांत १८८४ साली झाला. त्या नावाचा अर्थच 'नवी सरहद्द'. नवी कुणाला? बीजिंगच्या दरबाराला. तिथल्या उइगुर लोकांची शहरे तर हजारो वर्षांची जुनी. युरोपात सरहद्दीच्या मुलखाला 'मार्क' किंवा 'मार्च' म्हणत आणि तो राखणाऱ्या सरदाराला मार्क्विस. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता तो मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. म्हणजे मुळात काठाचा पहारेकरी एवढाच ज्या पदवीचा अर्थ, तिला त्याच्या काळापर्यंत केवढी प्रतिष्ठा आली होती! युक्रेनच्या नावाचा अर्थ 'काठचा प्रदेश' की 'आपला देश', यावर तर विद्वानांचे अजून एकमत नाही, आणि त्या वादाला आज केवढी धार आली आहे हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

आपणही कधी काठावर होतो

पेशावर, सियांग, शिनजियांग ही सगळी दूरची नावे वाचून मुंबई-पुण्याच्या वाचकाला वाटेल की आपण तर पहिल्यापासून मध्यभागीच आहोत. जुनी कागदपत्रे तसे सांगत नाहीत.

संस्कृतात सरहद्दीच्या मुलखाला 'प्रत्यंत' असा शब्द आहे, पाली भाषेत 'पच्चंत'. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीमेवरचे दुर्ग सांभाळणारा 'अंतपाल' हा अधिकारी आहे. समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभलेखात कामरूप आणि नेपाळचे राजे 'प्रत्यंत' म्हणून नोंदलेले आहेत. अशोकाच्या शिलालेखांतही हा शब्द येतो, आणि कलिंगातल्या एका लेखात तर त्याने मोठी वेगळी गोष्ट लिहून ठेवली आहे. न जिंकलेल्या सीमेवरच्या लोकांना आपल्या राजाच्या मनात काय आहे अशी धास्ती वाटत असेल. त्यांनी आपल्याला भिऊ नये, आपल्याकडून त्यांना सुखच मिळेल, असा त्याचा आशय आहे. कलिंगच्या युद्धानंतरचा हा मजकूर. सरहद्दीवरच्या माणसाला भीती वाटत असेल असा विचार करून तो दगडावर कोरून घेणारे राज्यकर्ते फार झाले नाहीत.

या जुन्या जगात मधला देश होता गंगेच्या काठचा. आपण कुठे होतो? कोकणाचे प्राचीन नाव 'अपरांत', म्हणजे पश्चिमेचे टोक. परशुरामाची भूमी म्हणून आपण ज्या किनाऱ्याचा अभिमान बाळगतो त्याचे जुने नावसुद्धा दिशेचेच आहे, अगदी 'वायव्य सरहद्द'सारखे.

बौद्धांच्या विनयपिटकातली एक हकिगत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अवंती देशात महाकच्चान नावाचे थेर राहत. सोण कुटिकण्ण नावाच्या तरुणाला त्यांच्याकडे उपसंपदा घेऊन पूर्ण भिक्षू व्हायचे होते. नियमाप्रमाणे त्यासाठी दहा भिक्षू एकत्र हवेत. अवंती आणि दक्षिणापथात भिक्षूच इतके थोडे, की दहाजण जमवायला तीन वर्षे लागली. पुढे सोण बुद्धाच्या दर्शनाला निघाला तेव्हा थेरांनी त्याच्याबरोबर आपल्या मुलखाच्या अडचणी सांगून पाठवल्या. आमच्याकडे माणसे कमी आहेत, थोड्या भिक्षूंत दीक्षा चालावी. आमच्याकडची जमीन काळी आणि टणक, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली, एकपदरी चपलेने पाय सोलून निघतात. आमच्याकडे लोक वरचेवर स्नान करतात, आणि अंथरायला कातडी वापरतात.

काळी जमीन! नांगरट झालेल्या काळ्या रानातून उन्हाळ्यात अनवाणी चाललेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे वर्णन लगेच ओळखू येईल. बुद्धाने हे सगळे ऐकून घेतले आणि प्रत्यंत जनपदांपुरते नियम सैल केले. दहाऐवजी पाच भिक्षू पुरेत, त्यात एक विनय जाणणारा असावा. जाड, अनेक पदरी चपला चालतील. रोज आंघोळ चालेल. मध्यदेशाचे नियम काठावरच्या मातीत जसेच्या तसे चालणार नाहीत, हे अर्ज मिळाल्यावर मान्य झाले. १९०१ चा कायदाही सरहद्दीसाठी वेगळा होता आणि हाही वेगळाच होता. फरक इतकाच, की इथे आधी तिथल्या माणसांना विचारले होते.

बेळगावचा 'सीमाभाग'

आज मराठी वर्तमानपत्रांत 'सीमाभाग' हा शब्द दिसला की तो काश्मीरचा किंवा कच्छचा नसतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, आणि बिदर-भालकीकडची मराठी गावे असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. तिथल्या मराठी माणसांना आपण 'सीमावासीय' किंवा 'सीमाबांधव' म्हणतो, आणि असे म्हणताना आपला आवाज जरा हळवा होतो.

पण बेळगाव मुळात सीमेवर नव्हतेच. ते मुंबई इलाख्यातले एक भरभराटीचे शहर होते. कोकणातून घाट चढून येणारा माल, गोव्याची वाट, कोल्हापूर आणि धारवाडचा व्यापार या सगळ्यांच्या मधोमध. १९२४ साली काँग्रेसचे अधिवेशन तिथे भरले, आणि गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असे ते एकमेव अधिवेशन. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली तिथेच साहित्य संमेलन झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने जोर धरला. म्हणजे ज्या चळवळीतून महाराष्ट्र उभा राहिला तिचा एक महत्त्वाचा ठराव बेळगावात झाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव गेले म्हैसूर राज्यात. शहर होते तिथेच राहिले, सीमा चालत त्याच्या जवळ आली.

पुढचा इतिहास घरोघरी माहीत आहे. सत्याग्रह, गोळीबार, दरवर्षीचा १ नोव्हेंबरचा काळा दिवस. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. बेळगाव कर्नाटकातच राहावे असे त्याने म्हटले आणि महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सरकार ८६५ गावांचा दावा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, त्याचा निकाल अजून लागलेला नाही. २०१२ साली कर्नाटकाने बेळगावात सुवर्ण विधानसौधाची भव्य इमारत उभी केली आणि हिवाळी अधिवेशन तिथे भरवायला सुरुवात केली. हा काठ नाही, हीसुद्धा आमची राजधानीच, असे सांगण्याचा तो प्रकार. २०१४ साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. कानडीतही सीमाभागाला शब्द आहे, 'गडिनाडु'. केरळात गेलेल्या कासरगोडच्या कन्नड भाषकांबद्दल बोलताना तो हमखास येतो. अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या आपल्या तालुक्यांत कानडी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांच्या घरात मराठी-कानडीची अशी काही सरमिसळ आहे की म्हण एका भाषेत सुरू होते आणि दुसऱ्या भाषेत संपते. पाण्यासाठी तहानलेल्या जत तालुक्यातून कर्नाटकात जाण्याची भाषा झाली होती, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचाच हवाला देऊन जतवर हक्क सांगितला तेव्हा महाराष्ट्रात एकच गदारोळ झाला. जतच्या शेतकऱ्याचे म्हणणे त्या गदारोळात बुडाले. त्याला ना इकडचे व्हायचे होते ना तिकडचे. त्याला पाणी हवे होते, आणि मुंबईहून पाहिले की जत फार लांब, अगदी टोकाला दिसते.

त्याच्या पुढच्या महिन्यात, डिसेंबर २०२२ मध्ये, दोन्हीकडच्या गाड्यांना काळे फासले गेले आणि बससेवा थांबली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका बसमध्ये भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली आणि पुन्हा तेच झाले. अशा दिवसांत कोल्हापूरहून निघालेली एसटी पलीकडे जात नाही आणि तिकडची गाडी अलीकडे येत नाही. मधले अंतर माणसे रिक्षाने, दुचाकीवर किंवा सरळ पायी कापतात. त्यांत चंदगडहून बेळगावच्या दवाखान्यात निघालेला रुग्ण असतो, निपाणीची कॉलेजात जाणारी मुलगी असते, गडहिंग्लजला माहेरी निघालेली, कडेवर मूल घेतलेली बाई असते. तिला माहेर आणि सासर असे दोनच गाव माहीत असतात, आणि मधला सीमाभाग एरवी तिला एका तिकिटात ओलांडता येत असतो.